दादाचा श्वास

केशोरीच्या कापगत्यांच्या घरात दोन भाऊ. थोरला भुपेंद्र, धाकटा वीरेंद्र. बाप बकाराम लवकर गेला. तेव्हा वीरेंद्र इतका लहान होता की त्याला शेजारच्या घरी नेऊन बसवलं होतं. संध्याकाळी परत आणलं तोवर बापाची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. तेव्हापासून थोरल्यानंच धाकट्याला वाढवलं. भावासारखं कमी, लेकरासारखं जास्त.

भुपेंद्रला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. घरच्या तीन एकर धानाच्या बांध्या, शिवाय गावातले मोटारपंप आणि मळणीयंत्रं दुरुस्त करायचं काम. घरी सत्यनारायण असला की संकल्प संपायच्या आत हा दोनदा बाहेर जाऊन यायचा. "देव काही पळून नाही जाऊन राहिला, तिकडं पंप जळून राहिला," म्हणायचा. धाकट्याचं मात्र उलटं. वीरेंद्रला शाळेच्या धड्यांआधी भजनं पाठ व्हायची आणि पोथी ऐकायला तो म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसायचा. बारावी झाली तशी भुपेंद्रनं त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि थेट गोंदियाला नेलं. शहराच्या कडेला शंकराच्या देवळामागं एक पाठशाळा होती. कुणाही जातीच्या मुलाला घ्यायची; संस्कृत, पूजाविधी, प्रवचन शिकवायची. गेटाशी पेटी उतरवून भुपेंद्र म्हणाला, "तू देवाचं पाह्य, मी धानाचं पाह्यतो. घराची फिकर नोको करू."

वीरेंद्र तिथं असा रमला की चार वर्षांत त्याची बोलीसुद्धा बदलली. गावाकडची झाडीबोली मागं पडली, उच्चार स्वच्छ झाले. हिंदी तर गोंदियात राहिलं की आपोआप येते. प्रवचनाला तो उभा राहिला की देवळात आलेल्या बाया नारळ वाढवायचं विसरून ऐकत उभ्या राहायच्या. पाठशाळेच्या ईश्वरदास गुरुजींना त्याचा अभिमान वाटायचा, पण ते तोंडावर कधी बोलून दाखवायचे नाहीत.

त्या वर्षी पोळा होऊन गेल्यावर पाठशाळेत नूतन नावाच्या एक बाई आल्या. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्या काम करत. ज्यांचा माणूस मेंदूनं मेला आहे अशा घरच्यांशी अवयवदानाबद्दल बोलायचं, हे त्यांचं काम. उद्या गावोगाव पूजा सांगणाऱ्या मुलांना हे समजलं तर लोकांना समजेल, असा कुणा विश्वस्ताचा विचार होता.

बाईंनी साध्या भाषेत सांगितलं. डोक्याला जबर मार लागला की कधीकधी मेंदू पूर्ण मरतो. मशीन हवा आत ढकलतं म्हणून छाती वरखाली होते, हृदय काही काळ चालतं, पण माणूस गेलेला असतो. तेव्हा घरच्यांनी होकार दिला तर त्याच्या मूत्रपिंडांनी, यकृतानं दुसरी माणसं जगतात.

मुलं चुळबुळू लागली. वीरेंद्रचा जोडीदार टिंकू गोंदियाचाच. त्यानं हात वर केला. "मॅडम, आँखें दे दी और अगले जनम में अंधा पैदा हुआ, तो कौन जिम्मेदार?" सगळे हसले. मुन्ना नावाचा एक अबोल मुलगा म्हणाला की दधीची ऋषींनी तर हाडं दिली होती, मग दोष कसा लागेल? त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "त्यांनी स्वतः दिली होती रे! भावानं काढून नव्हती दिली!"

मग वीरेंद्र उठला. त्याचा आवाज सभागृहात कसा बसतो हे त्याला ठाऊक होतं.

"मॅडम, शरीर गरम आहे, नाडी चालू आहे, छाती हलते आहे. श्वास आहे तोवर प्राण आहे, हे आम्ही इथं पहिल्या दिवशी शिकतो. आमच्याकडं अशा माणसाच्या तोंडात गंगाजल घालतात, त्याला टेबलावर घेऊन कापत नाहीत. तुम्ही याला दान म्हणता. मी याला घाई म्हणतो."

टाळ्या पडल्या. नूतन मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे. पण तो श्वास त्याचा नसतो, दादा. मशीनचा असतो." वीरेंद्र नुसता हसला. आपण जिंकलो, हे त्याला टाळ्यांनी सांगितलंच होतं.

त्या संध्याकाळी आरतीनंतर गुरुजींनी त्याला ओसरीवर बोलावलं. "बोललास चांगलं," ते म्हणाले. "पण कुणाला मरताना पाहिलं आहेस का तू?"

"नाही, गुरुजी."

"हं," एवढंच म्हणून गुरुजी जपाला बसले. वीरेंद्रला त्यात काही विशेष वाटलं नाही.

कार्तिकात धान कापणीला आलं. कार्तिक वद्य अष्टमीच्या सकाळी वर्ग चालू असताना टिंकू फोन घेऊन धावत आला. फोनवर वहिनी होती, भुपेंद्रची बायको दुर्गेश्वरी. ती मोठ्यानं बोलणारी बाई. पण त्या दिवशी तिचा आवाज इतका बारीक येत होता की वीरेंद्रनं तिला ओळखलंच नाही.

"भाऊजी, तुमच्या दादाले रानडुकरानं उडवलं. अर्जुनीवरून पट्टा घेऊन येऊन राहिला होता मशीनचा. नाल्याच्या वळणावर डुक्कर आडवं आलं. डोक्यावर पडला. गोंदियाले आणून राहिलो आमी. तुमी दवाखान्यात या."

वीरेंद्र होता त्या धोतरावरच धावला. दवाखान्याच्या दारात रुग्णवाहिका लागलीच होती. भुपेंद्रच्या अंगावर फार जखमा नव्हत्या. कानातून रक्ताची एक वाळलेली रेघ आणि डोक्याला पट्टी. एवढंच. झोपल्यासारखा दिसत होता. वीरेंद्रला आत कुठंतरी हायसं वाटलं. इथल्या डॉक्टरांनी मात्र हात लावताच सांगितलं, नागपूरला न्या, आत्ता न्या.

नागपूरच्या दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर एक लांब बाकडं होतं. त्यावर आई अनुसयाबाई, वहिनी आणि वीरेंद्र. भुपेंद्रच्या चार वर्षांच्या लेकीला, अंजूला, केशोरीत शेजाऱ्यांकडं ठेवलं होतं. एकेकाला आत सोडायचे. आई आत जाऊन आली की दर वेळी तेच सांगायची, "अंग गरम आहे. छाती हालून राहिली. बरा होईन." वीरेंद्रनं गळ्यातली माळ काढून हातात घेतली होती आणि मृत्युंजयाचा जप चालवला होता. जप करता करता त्याला वाटायचं, आपण इतकी वर्षं शिकलो ते याच दिवसासाठी.

दशमीच्या सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तिघांना एका लहान खोलीत बसवलं. डॉक्टर वयानं मोठे, सावकाश बोलणारे.

"भुपेंद्रच्या मेंदूचा कुठलाच भाग काम करत नाही असं आम्हाला दिसतंय. डोळ्यांवर प्रकाश टाकला तर बाहुली हलत नाही. घशात नळी हलवली तर खोकला येत नाही. आज आम्ही दोन वेळा सगळं तपासू, मधे काही तास सोडून. दोन्ही वेळा तसंच आलं तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

"मंजे?" अनुसयाबाईनं विचारलं.

"म्हणजे ते गेले आहेत, आई."

अनुसयाबाईनं डॉक्टरकडं असं पाहिलं, जणू या माणसाला मराठी येत नाही. "माझा पोरगा श्वास घेऊन राहिला जी," ती म्हणाली. "आत्ता पाहून आली मी."

हीच ती घाई, वीरेंद्रला वाटलं. "मी आत उभा राहीन," तो म्हणाला. "तुम्ही काय तपासता ते मला पाहायचं आहे."

डॉक्टरांनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. शेंडी, कपाळाचं गंध, चुरगळलेलं धोतर. "बघणं सोपं नसतं," ते म्हणाले. "पण हक्क आहे तुमचा. या."

आत भुपेंद्रच्या पलंगाभोवती चार-पाच माणसं होती. डॉक्टर एक-एक गोष्ट करत होते आणि वीरेंद्रसाठी मोठ्यानं बोलत होते. डोळ्यांत बॅटरीचा झोत टाकला. बुबुळाला कापसाचा बोळा लावला. कानात थंड पाणी सोडलं. दादा काहीच करेना. घरी याच्या कानाशी माशी आली तरी हा माणूस शिवी देऊन उठायचा.

"आता मशीन काढतो," डॉक्टर म्हणाले. "बारीक नळीतून प्राणवायू देत राहू, म्हणजे त्रास होणार नाही. फक्त हवा ढकलणार नाही. मेंदूचा एवढासा भाग जरी जिवंत असेल तर शरीर स्वतः श्वास ओढेल. तुम्ही छातीकडं बघा."

मशीनचा फुसफुस आवाज थांबला. खोलीत एकाएकी इतकी शांतता झाली की वीरेंद्रला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. तो दादाच्या छातीकडं पाहत राहिला. निळी चादर, तिच्यावर एक लहान घडी पडलेली. घडी हलली नाही. ओढ रे, वीरेंद्र मनात म्हणत होता. एकदा ओढ. घडी हलली नाही. त्याचा स्वतःचाच श्वास कोंडला आणि त्याला तोंड उघडून हवा घ्यावी लागली, तरी घडी होती तशीच होती.

आणि मग भुपेंद्रचे हात हलले.

आधी बोटं थरथरली. मग दोन्ही हात कोपरांत वाकले, चादरीवरून सावकाश उचलले गेले, छातीवर आले आणि तिथं एकमेकांजवळ थांबले. जुळता जुळता राहिलेल्या नमस्कारासारखे. मग हळूहळू बाजूला घसरले.

वीरेंद्रच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती त्याला स्वतःची वाटली नाही. कुणीतरी त्याचा दंड धरला, तो हिसडून त्यानं दार ढकललं आणि बाहेर बाकड्याशी येऊन आईच्या पायांशी पडला. चार वर्षांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"आई, दादा जीता आहे! हात उचलला त्यानं! हात जोडले नं! म्या माझ्या डोऱ्यानं पायलं!"

अनुसयाबाई उठून उभी राहिली. तिनं पदर पसरून दवाखान्याच्या छताकडं पाहिलं आणि मोठ्यानं रडायला लागली. आनंदानं. दुर्गेश्वरी धावत दाराच्या काचेशी गेली. वाटेतल्या दुसऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांनीसुद्धा हात जोडले. कुणी म्हणालं, माउलीची कृपा.

डॉक्टर बाहेर आले ते थेट वीरेंद्रजवळ. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मी आधी सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "चूक माझी. असं क्वचित होतं, म्हणून बोललो नाही. पाठीच्या मणक्यातून जी दोरी जाते, ती मेंदूनंतरही काही काळ जिवंत असते. तिच्यातून हात आपोआप उचलले जातात. डोक्याचा हुकूम नसतो त्यामागं. तुमच्या भावानं ते केलेलं नाही."

"मंग कोणं केलं?" अनुसयाबाईनं विचारलं.

डॉक्टर वीरेंद्रकडं वळले. "एक सांगा मला. हात हलले तेव्हा छाती हलली होती?"

वीरेंद्रनं दाराकडं पाहिलं.

"तुम्ही पाहत होता. हलली होती?"

"नाही," वीरेंद्र म्हणाला.

दुपार त्या बाकड्यावर कशी गेली हे त्याला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. आई आशेनं बसली होती. तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा, माझ्या पोरानं हात जोडले. प्रत्येक वेळी तिनं सांगितलं की वीरेंद्रला वाटायचं, ही आग आपण लावली. दुर्गेश्वरी मात्र त्याच्याकडं टक लावून पाहत होती.

शेवटी तीच बोलली. "भाऊजी, तुमी दुसऱ्या बखत पण जा आत. डॉक्टरचं मले समजत नाही. तुमचं समजते. तुमी येऊन मले सांगा. तो जीता असन तं मी त्याले घरी नेतो, जसा असन तसा, हागमूत काढतो त्याचं जनमभर. मेला असन तं मंग इथं नळ्या लावून कायले ठेवाचं? पण मधातलं नोका सांगू मले काही."

सूर्य कलायच्या सुमारास पुन्हा सगळं झालं. झोत, कापूस, पाणी. मशीन थांबलं. वीरेंद्रनं या खेपेला स्वतःला हातांकडं पाहूच दिलं नाही. त्यानं फक्त त्या निळ्या चादरीकडं पाहिलं. पाठशाळेत सकाळी प्राणायामाला तो लहान मुलांसमोर बसायचा आणि सांगायचा, श्वास रोखून पाहा, कोण रोखू शकतो किती. शेवटी आत जो आहे तो श्वास ओढतोच. कितीही दाबलं तरी ओढतो. कितीही हट्टी मूल असो, शेवटी त्याची छाती फुगायचीच. इथं आतलं कुणी ओढत नव्हतं. त्याला अचानक कळलं की अष्टमीपासून आपण ज्या वरखाली होणाऱ्या छातीकडं पाहून जप केला, ती दादाची नव्हतीच. भिंतीतल्या एका तारेवर चालणाऱ्या डब्यापुढं आपण माळ ओढत होतो. त्यानं पलंगाची कड धरली. दादाचं मनगट त्याच्या हाताला लागलं. ऊबदार होतं. ते ऊबदार होतं, हेच भयंकर होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, आकडा आला, त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि मृत्यूची वेळ मोठ्यानं सांगितली.

तो बाहेर आला तेव्हा आई उठली नाही. ती बसल्या जागी मान वर करून त्याच्याकडं पाहत राहिली. "सांग बाबू," ती म्हणाली. "तू शिकला आहेस. तुझ्या दादात जीव आहे का नाही?"

वीरेंद्र तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"नाही, आई," तो म्हणाला.

अनुसयाबाईनं त्याच्या तोंडात मारली. एकदा, जोरात. मग त्याचंच डोकं छातीशी धरून रडायला लागली.

त्यानंतर थोड्या वेळानं पलीकडून एक बाई येताना दिसल्या. खाली मान घालून बसलेल्या वीरेंद्रनं आधी त्यांच्या चपला पाहिल्या, मग वर पाहिलं. नूतन मॅडम. त्यांनीही त्याला ओळखलं. क्षणभर थबकल्या, मग काहीच न दाखवता त्याच्या शेजारी, आईपासून थोड्या अंतरावर बसल्या. सभागृहाचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, पुढंही कधी काढलं नाही.

बोलल्या त्या दुर्गेश्वरीशी, कारण कायद्यानं होकार तिचा. घाई केली नाही. नाही म्हणालात तरी चालेल, हे आधीच सांगितलं.

दुर्गेश्वरी ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्याचं सामान दुसऱ्याले लागते?"

"लागतं, ताई."

"नाहीतं ते जळूनच जाईन नं?"

"हो."

"तो कोणतीच चालू वस्तू फेकू देत नव्हता," दुर्गेश्वरी म्हणाली आणि तिचा आवाज तिथंच फाटला. पदर तोंडात धरून ती बराच वेळ हलत राहिली. मग वीरेंद्रकडं वळली. "भाऊजी, पाप लागते का? लागत असन तं आता सांगा. मंग नोका सांगू."

सगळे त्याच्याकडं पाहत होते. नूतन मॅडम तेवढ्या जमिनीकडं पाहत होत्या. श्लोक त्याच्या डोक्यात दोन्ही बाजूंचे येत होते, आणि एकही त्या चादरीसमोर टिकत नव्हता.

"मले मालूम नाही, वहिनी," तो म्हणाला. "दादा त्याच्यात नाही, एवढं मालूम आहे. देऊन टाक."

अनुसयाबाई मधेच म्हणाली, "डोरे नोको. बाकी न्या. डोरे राहू द्या माझ्या पोराचे."

"डोळ्यांना कुणी हात लावणार नाही, आई," नूतन मॅडम म्हणाल्या. तो शब्द त्यांनी पाळला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भुपेंद्रला शस्त्रक्रियेच्या खोलीकडं नेलं. पलंग हलला तेव्हा छाती तशीच वरखाली होत होती. वीरेंद्र दारापर्यंत सोबत चालला. गंगाजलाची लहान बाटली त्याच्या झोळीत होतीच. त्यानं नळीच्या बाजूनं ओठांवर एक थेंब टेकवला. नर्सनं थांबवलं नाही.

दुपारी गाडी केशोरीला पोचली तोवर बातमी पुढं गेलेली होती. अंगणात माणूस मावत नव्हता. गावचे केशोराव, वयानं थोर, मोठ्या आवाजाचे. चिता रचून झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वीरेंद्र, तू पंडित आहेस. कापलेला देह आहे हा. याले अग्नी चालते का?"

कुणी केशोरावांना गप्प केलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

"चालते जी," वीरेंद्र म्हणाला. "मीच देऊन राहिलो." त्यानं गवताची पेंढी पेटवून चितेला लावली.

खरी अडचण नंतर आली, आणि ती अशी होती की कुणाला सुचलीच नव्हती. दिवस कोणता धरायचा? दहावा, तेरवी, वर्षाचं श्राद्ध, सगळं मृत्यूच्या तिथीवर. डॉक्टरांनी मृत्यू लिहिला दशमीला. हृदय थांबलं एकादशीला. दुसऱ्यांच्या घरची तिथी सांगायला वीरेंद्र शिकला होता, आणि त्यालाच स्वतःच्या घरचं सांगता येईना. त्यानं गुरुजींना फोन लावला.

"मला माहीत नाही, वीरेंद्र," गुरुजी म्हणाले.

गुरुजींच्या तोंडून हे वाक्य त्यानं आयुष्यात प्रथम ऐकलं. ज्या माणसानं कुठल्याही प्रश्नाला पोथीचं पान काढून दाखवलं, तो माणूस म्हणत होता, माहीत नाही.

"शास्त्र लिहिणाऱ्यांनी असा श्वास पाहिला नव्हता," गुरुजी पुढं म्हणाले. "तू पाहिलास. तू सांग, तो कधी गेला?"

"रस्त्यावरच गेला असन, गुरुजी. नाल्याजवळ. अष्टमीला."

म्हणजे आता तिथी तीन झाल्या. फोन ठेवून तो अंगणात मटकन बसला. दुर्गेश्वरी तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दशमी धरा," ती म्हणाली. "तुमी बाहेर येऊन आईले 'नाही' मनलं, तेव्हा माझ्यासाठी मेला तो. त्याच्या पयले नाही आन मंग नाही."

दशमी धरली.

तेरवीनंतर वीरेंद्र पाठशाळेत परतला. टिंकूनं त्याला मिठी मारली, पण जेवताना तो दोन पानं सोडून बसला. काही दिवसांनी स्वतःच म्हणाला, "बुरा मत मान यार, मेरेको डर लगता है." एक-दोघांना वाटायचं, यानं भावाला कापायला दिलं. मुन्नानं मात्र एका दुपारी विहिरीजवळ गाठून विचारलं, "हात जुळले होते म्हणतात. आत्म्यानं जाताना नमस्कार केला असेल का?"

"डॉक्टर म्हणतात, मणक्यातून झालं."

"तुला काय वाटतं?"

"मी दोन्ही ऐकतो," वीरेंद्र म्हणाला. "आणि अजून अंग शहारतं." त्यानं बादली उचलली आणि चालू लागला.

प्रवचनाला तो उभा राहायचा, पण पूर्वीसारखा आवाज फेकायचा नाही. मृत्यूवर बोलायची पाळी आली की दुसऱ्याला पुढं करायचा. शिक्षण पुरं करून तो केशोरीला आला, कारण बांध्या बघायला घरी पुरुषमाणूस नव्हतं. आता धानाच्या रोवणीत चिखलात असतो आणि बोलावणं आलं की हातपाय धुऊन पूजेला जातो. नूतन मॅडमनी एकदा विचारलं, कार्यक्रमात येऊन अनुभव सांगाल का? तो नको म्हणाला. व्यासपीठावरून हे बोलता येणार नाही, म्हणाला. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. भुपेंद्रची मूत्रपिंडं आणि यकृत कुणाकुणाला गेलं हे त्या घराला कधी कळलं नाही. एवढंच कळलं होतं की ती माणसं बरी होऊन घरी गेली.

अनुसयाबाईचं मन एकसारखं राहत नाही. कधी ती बाजारात अभिमानानं सांगते, माझ्या पोरानं लोक जगवले. कधी भाकरी थापता थापता एकदम फिरते. "तूच मनला, 'नाही' मनून," म्हणते. "तू 'हो' मनला असता तं आनखी चार दिवस राहिला असता." वीरेंद्र अशा वेळी समोरचं ताट ओढून घेतो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पिंड ठेवून झाले, ब्राह्मण जेवले, पानं उचलली. अनुसयाबाई चुलीजवळ बसली होती. वीरेंद्र पाणी प्यायला आत आला तशी ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाबू, तो खरंच गेला होता नं?"

"हो, आई."

"अजून एकडाव सांग."

त्यानं तांब्या खाली ठेवला, तिच्याजवळ बसला आणि अजून एकदा सांगितलं.